वणव्यानंतरच्या भाकऱ्या

आत्याबाई,

आज फार दमले आहे. दमले की मला आई आठवत नाही, सासू आठवते, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण आई मला दमलेली बघून झोप म्हणायची आणि तुम्ही म्हणायचात, "बस जरा, आन् बसल्या बसल्या ह्या शेंगा फोड." तुमच्या घरात विश्रांती म्हणजे बसून करायचं काम. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. शाळेतून निवृत्त झाले, कराड सोडून सांगलीला राहायला आले. तरी भर दुपारी आडवी झाले की तुम्ही दारातून बघताय असं वाटतं आणि मी उठून बसते.

आज तो वणवा आठवतोय. नव्वदीतलं साल, माझं लग्न नवं होतं. वडूजच्या पलीकडे एका डोंगराला कुणीतरी काडी लावली होती. वाईट बुद्धीनं नाही. वाळलं गवत जाळलं की पुढच्या साली दाट येतं, असं तिकडे पूर्वीपासून मानतात. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी डोंगर पेटवायचंच. त्या साली वारं फिरलं. आग उतरून खालच्या वस्तीत शिरली. मेंढपाळांची वस्ती, गवतानं शाकारलेली घरं, मागं परड्यात कडब्याच्या गंजी. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. कोंडलेली मेंढरं बरीचशी गेली. धान्य, घोंगडी, भांडी, काही राहिलं नाही. ही बातमी तुम्ही मेसमधून घरी आणलीत आणि पदर न सोडताच म्हणालात, "उद्या जायाचं."

मेसबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिथूनच आलं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची खानावळ, तिच्यामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये तुमच्या चुली. मी पहिल्यांदा तिथं तुम्हाला बोलवायला आले आणि दारातच थांबले. एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्यापाशी उभी, एक परातीत तुमच्या हाताखाली फिरतेय, आणि तोंडानं खानावळीच्या मालकाशी भांडण चालू. भिंतीपलीकडून पोरं ओरडतायत, "मावशी, गरम!" भिंतीतल्या खिडकीतून भाकरी आत जाते आणि संपते. मी तेव्हा विचारलं होतं, या पोरांना माहीत आहे का, आपण बौद्ध आहोत ते? तुम्ही भाकरी उलथत म्हणालात, "त्यास्नी भूक लागल्याली म्हाईत असती. बाकीचं इचाराय टाइम कुठाय त्यास्नी?" इतकं सहज म्हणालात की मला तुमचा हेवा वाटला. तुम्ही लहान असताना तुमच्या वडिलांनी घरातले देव कृष्णेत सोडले, तेव्हाच तो प्रश्न वाहून गेला असं तुम्ही धरून चालला होतात. मी मात्र शाळेत नोकरीला लागल्यापासून बघत होते, की मी माठातून पाणी घेतलं की कुणाची तहान अचानक भागते.

म्हणून मला यायचं नव्हतं. सुट्टी होती, ऊन होतं, आणि कुठल्यातरी मदत समितीच्या टेम्पोत बसून अनोळखी माणसांत जायचं, म्हणजे पुन्हा तेच, नाव काय, गाव काय, कुठल्या आळीत राहता. पण तुम्हाला एकच दिसत होतं. "शेरातली मान्सं खिचडी शिजवून घालतील. त्येनं ज्वारी खानाऱ्या मान्साचं पोट भरतंय व्हय? गरम भाकरी पायजे त्यास्नी." तुम्हाला मानपत्र नको होतं, फोटो नको होता. तुमच्या हातची भाकरी त्या घरं जळून उठलेल्या माणसांनी पोटभर खावी, एवढंच हवं होतं. आयुष्यभर भिंतीमागून भाकरी वाढलेल्या बाईला एकदा समोर बसून वाढायचं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, सासूला मिरवायची हौस आहे.

वस्तीखाली शाळेच्या दोन खोल्या आणि लिंबाखाली चुली. डोंगर वरपर्यंत काळा, आणि वारा आला की राख खाली येतेय, केसांत, डोळ्यांत, आमटीत. समितीचा प्रमुख गोड बोलणारा माणूस, त्याला सगळे भाऊ म्हणायचे. त्यानं आपल्याला पाणी दिलं, बसा म्हणाला, चौकशी केली. तुम्ही नाव सांगितलंत, आळी सांगितलीत, वर मोठ्यानं "जयभीम" म्हणालात. आणि लगेच पदर खोचून चुलीकडे निघालात. तो आडवा आला. किती मायेनं बोलला तो, आत्याबाई! "आई, चुलीपाशी लय धूर हाय. तुमचं वय झालंय. तुमी आपलं भांड्यांचं बघा, सावलीत." ज्या बाईचा जन्म धुरात गेला तिला तो धुराची भीती घालत होता. चुलीपाशी बसलेल्या गावातल्या बायकांत एक तुमच्याहून म्हातारी होती, तिला धूर लागत नव्हता. मला सगळं कळलं. तुम्हालाही कळलं, कारण तुम्ही खोचलेला पदर सोडलात, झटकलात आणि परत खोचलात.

आपण भांडी घासली. घासायला राख काही कमी नव्हती, सगळा डोंगरच होता. मी रागानं पातेली आपटत होते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आपण घरी जाऊ, यांना आपली गरज नाही. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी हातातलं खाली ठेवलं. "मानापानाला आलीयास व्हय गं? लगीन हाय का हितं? त्या बायांची घरं जळल्याती आन् तू रुसून बसतीस? घास." तुम्ही मला कधी फारसं बोलला नाहीत, पण ते बोलणं अजून लागतं. बरोबर होतं म्हणून लागतं, आणि निम्मंच बरोबर होतं म्हणूनही. कारण भाकऱ्यांची टोपली पंगतीकडे जायची तेव्हा तुमची मान तिच्यामागं जायची, ते मी बघत होते. "जाड थापत्यात," तुम्ही पुटपुटायचात. "कडा कच्च्या ऱ्हात्यात." अशा तऱ्हेनं दिवस चालले होते.

मग गुरुवार आला. खालच्या गावात लग्न होतं, भाकऱ्या करणाऱ्या बायका तिकडे गेल्या. पीठ आलेलं, आमटी उकळतेय, वस्तीवरची माणसं येऊन बसायला लागली आणि चुलीपाशी कुणी नाही. भाऊ इकडून तिकडे फिरतोय. भात टाकू का म्हणतोय. तुम्ही हात धुतलेत, कुणाला न विचारता चुलीपुढं बसलात आणि परात ओढलीत. मला म्हणालात, "जाळ बघ." मी जाळ बघितला. आत्याबाई, त्या दिवशीच्या भाकऱ्या! एकसारख्या गोल, पातळ, निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. माझ्या सासूचं मी कौतुक करत बसणारी नव्हे, पण त्या दिवशी बघत राहिले. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं तुमच्या, आणि तुम्ही खुशीत होतात.

टोपली घेऊन तुम्ही स्वतः पंगतीत गेलात. सगळ्यात पुढं वस्तीवरची एक म्हातारी बसली होती, जिच्या घराची नुसती चौथऱ्याची दगडं उरली होती. तिनं वर बघून विचारलं, "तू कुनाची गं बाय?" तुम्ही सरळ सांगितलंत. भाऊ तिकडे बादलीत वाकून आमटी ढवळायला लागला. म्हातारीनं भाकरी हातात घेतली, मोडली, वाफ आली तशी बोटं झटकली आणि खाल्ली. म्हणाली, "मेंढरामागं फिरताना कुनाकुनाच्या दारची खाल्लीया, समद्यांची चव सारखी नसती. ही चांगली हाय. आनखी एक टाक." तुम्ही टाकलीत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तो तसाच राहिला असता तर मी आज हे लिहायला बसले नसते.

कारण म्हातारीशेजारच्या दोघींनी हात ताटावर आडवा धरला. "आमटीच वाढा, भूक न्हाई." पुढं कुणी घेतली, कुणी नाही. घेणारे बरेच होते, हे मी खोटं सांगणार नाही. घरं जळलेली माणसं भुकेली होती. पण वस्तीवाल्यांचं झाल्यावर समितीची माणसं जेवायची, ती एरवी चार चार भाकऱ्या मोडायची, त्यांचा त्या दिवशी उपास निघाला. एवढी माणसं गुरुवार करतात हे मला त्या दिवशी कळलं. भाऊ तर हात जोडून म्हणाला, "आई, तुमी लय कष्ट घेतले. आज जरा पोट बरं न्हाई माझं." टोपलीत भाकऱ्या उरल्या. तुम्ही त्यांवर फडकं टाकलंत, नीट चारी बाजूंनी खोचलंत आणि भांडी घासायला गेलात. मी आले तर म्हणालात, "तू ऱ्हाऊ दे. जाळाजवळ बसलीयास."

परतताना टेम्पोत टोपली तुमच्या मांडीवर होती. मला वाटलं तुम्ही चिडाल, शिव्या घालाल, तुमच्या शिव्या चांगल्या असायच्या. तुम्ही काळ्या डोंगराकडे बघत होतात. मग म्हणालात, "पीठ जुनं हुतं गं. इरी गेली हुती पिठाची." विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच फाटते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. तुमची एकही फाटली नव्हती. मी समोर बसून बघितलं होतं. मी काय बोलायला हवं होतं? मी "व्हय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात आणि थेट भांड्यांकडे गेलात. वस्तीची घरं उभी राहीपर्यंत येत राहिलात, चुलीकडे मान न वळवता. मला तुमचा फार राग आला होता. त्यांचा कमी, तुमचा जास्त. तुम्ही पिठाला दोष दिलात म्हणून.

इथं सांगलीत यंदा पुन्हा पाणी चढलं. एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांसाठी जेवण करतायत, तिथं मी सकाळपासून होते. सगळी कॉलेजची मुलंमुली. कुणी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, सगळ्यांना मी नुसती काकू. चुलीपाशी भाकऱ्या करायला माणूस कमी होतं. एक मुलगी पिठाचे हात घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, भाकरी येती का ओ तुमाला?" तुमच्या हाताखाली शिकलेली मी. मी तिला म्हटलं, "नाही गं बाई, मला नाही येत." तिनं मला कांदे दिले चिरायला.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तरी हे पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि वाचता वाचता ती मुलगी आली की तिथंच थांबले असते आणि म्हटलं असतं, "झालं, एवढंच हाय."