डेकवरची वाघर

आबा,

काल दुपारी तांदूळ निवडता निवडता माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघून गेलं. थोरलीला मी म्हणाले, "धाकट्याला ठेव माझ्यापाशी. तिकडं जम बसला की ने." बोलले आणि सूप हातात तसंच राहिलं. थोरली म्हणजे माझी मोठी मुलगी, जिला तुम्ही घोड्यावर बसवून ओढ्यापर्यंत न्यायचात ती. तिचा नवरा विलायतेत एका कारखान्यात लागलाय आणि आता ती दोन लेकरं घेऊन एकटी निघाली आहे. विमान स्वस्तातलं आहे. ते म्हणे एसटीसारखं ठिकठिकाणी थांबतं, आणि मध्ये कुठल्याशा परक्या मुलखात बाकावर बसून दुसऱ्या विमानाची वाट बघायची. निरोप घ्यायला म्हणून ती इथं आपल्या गावी, माल्याला आली आहे. माझं बोलणं ऐकून ती गप्प बसली आणि खडे वेचत राहिली. तिचं हे गप्प बसणं मला फार वर्षं ठाऊक आहे. खरं सांगायचं तर आता मला त्याचा थकवा येतो.

तुम्ही हेच वाक्य मला म्हणालात तेव्हा मी आजच्या तिच्याएवढीच असेन. हे आधी धरणावर फिटर होते, मग कुणाच्या तरी ओळखीनं आफ्रिकेला, मोंबासाच्या गोदीत लागले. दोन वर्षांनी त्यांचा निरोप आला, पोरांना घेऊन ये, बोटीत डेकवरची जागा धरली आहे. डेक म्हणजे काय ते मला मुंबईला पोचेपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटलं खोलीचंच नाव असेल. तुम्ही अंगणात वाखाची दोरी वळत बसला होता. वर न बघता तुम्ही विचारलंत, "पानी धरनाएवढं आसंल का गं?"

"लई मोठं, आबा. पल्याडचा काठच दिसत न्हाई म्हनं."

"मंग बोटवाल्याला तरी कसं ठावं, कुटं जायाचं ते?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. दोरीला पीळ देत तुम्ही म्हणालात, "धाकटी ठिव माज्यापाशी. अंगावरचं तुटलंय तिचं. तितं बस्तान बसलं की ने. तीन तीन लेकरं घिऊन एकल्या बाईमानसानं जायाचं म्हंजे काय खेळ हाय व्हय?"

आणि मी फाडकन बोलले, "मला ठिवलं हुतं तशी?"

तुमच्या हातातली दोरी उलगडत गेली. तुम्ही ती धरली नाहीत.

त्या ठेवण्याबद्दल आपण त्याआधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही. म्हणून आज लिहिते. इथला पाऊस मेंढरांना सोसत नाही, खूर सडतात, म्हणून मृगाच्या आत तुम्ही सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून पूर्वेला, कोरड्या मुलखात निघायचात. त्या वर्षी भाऊ आयच्या अंगावर पीत होता आणि मधल्या बहिणीला खोकला धरला होता. मी त्या दोघांहून मोठी, मला चांगलं चालता येत होतं. तरी पौडात मामाच्या दारापाशी तुम्ही मला घोड्यावरून उतरवलंत. शाळेचं निमित्त होतं. मला शाळा हवी की नको हे मला कुणी विचारलं नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "रडनारं कोकरू संगं न्यावंच लागतं. तू शानी हायेस. तू ऱ्हाशील." आय डोक्यावर गाठोडं घेऊन पुढं गेली होती. तिनं मागं बघितलं नाही, बघितलं असतं तर तिचा पाय निघाला नसता हे मला आता कळतं. मेंढरं ओढा उतरून गेली, शेवटी कुत्रं गेलं, आणि रस्त्यावर नुसत्या लेंड्या राहिल्या. दिवाळीनंतर तुम्ही परत आलात तेव्हा भाऊ चालायला लागला होता आणि मला ओळखत नव्हता. मग दर साली तसंच होत गेलं. मी चौथी शिकले. तुमच्याच कृपेनं आज हे लिहिता येतंय, असं म्हणायला हवं, आणि ते खोटंही नाही.

तर मी ठरवलं होतं, माझं एकही लेकरू मागं राहणार नाही. जगबुडी झाली तरी तिघंही माझ्याबरोबर येतील.

निघायच्या दिवशी पौडच्या स्टँडवर तुम्ही आलात. माल्याहून चालत आला होता, खांद्यावर वाघर घेऊन. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्यातला एक तुकडा तुम्ही कापून, कडेनं नवा वाख भरून आणला होता. एसटीत बसलेल्या बायकांनी नाकाला पदर लावला, कारण कितीही धुतली तरी वाघरीचा वास जात नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरच्या माणसांसमोर बाप मेंढरांची जाळी घेऊन उभा.

"आबा, ह्येचं काय करू मी तितं?"

"एकबी मागं ठिवायचं न्हाई म्हनतीस न्हवं? मंग ऱ्हाऊ दे जवळ." एवढं बोलून तुम्ही ती टपावरच्या ट्रंकेला स्वतः बांधलीत आणि खाली उतरून थोरलीच्या हातात गुळाचा खडा दिलात. इतर दोघं रडत होती म्हणून त्यांना आधी दिला होता. तिच्या वाट्याला उरलेला लहान तुकडा आला.

डेक म्हणजे बोटीचं अंगण, आबा. उघडं, लोखंडी, दुपारी तापून पाय भाजणारं, वर एक ताडपत्री. जो तो चटई टाकून आपापली जागा धरतो आणि तीच त्याची ओसरी, तेच माजघर. सकाळी खलाशी पाण्याचा पाइप घेऊन डेक धुवायला यायचे, ते यायच्या आत बिछाने, पोरं, डबे सगळं उचलून उभं राहायचं. दशम्या दुसऱ्याच दिवशी कुबट लागायला लागल्या. बोट हलायला लागली तशी धाकटी ओकायला लागली, मग मधला, मग मी. आवळकाठी चघळत मी कठड्याला टेकून बसायचे आणि मधला पोरगा सुटलेल्या वासरासारखा धावायचा, जिन्यावर, दोरखंडांवर, कठड्याच्या अगदी कडेला. एकदा त्याचं एक पाऊल कठड्यातून बाहेर गेलेलं मी बघितलं. त्याला ओढून घेतलं, मारलं, आणि मग मीच रडत बसले. त्या दुपारी मी पहिल्यांदा वाघर सोडली.

चार बाजूंना खांब होतेच. तुम्ही बांधता तशीच बांधली, खाली ट्रंक आणि बिछान्याचं वजन दिलं. दोघांना आत टाकलं. पोरगा जाळीच्या घरांतून हात बाहेर काढून बँ बँ करायला लागला. डेकवरची सगळी माणसं हसली. हसू देत म्हटलं, हसण्यानं कुणी बुडत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारची कच्छकडची एक बाई आपलं रांगतं पोर घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या वाघरीत ठेवून स्वतः आडवी झाली. दोन दिवसांत आणखी पोरं आली. तो वास सगळ्यांना चालायला लागला होता. मला तर तो बरा वाटायचा. डोळे मिटले की तुम्ही जवळपास कुठंतरी आहात असं वाटायचं, आणि एवढं दमलेलं असताना माणसाला आणखी काय लागतं.

थोरली बाहेर बसायची. तिला सातवं सरलं होतं, तिला आत कशाला कोंडायचं? मी तिला म्हणाले, "तू शानी हायेस. बघ ह्यांच्याकडं, मी जरा पडते." ती वाघरीबाहेर पाय पोटाशी घेऊन बसायची, पाण्याच्या नळाशी रांगेत तीच उभी राहायची, ओकलेलं फडकं तीच खंगाळून आणायची. तिला बोट लागली की नाही हे मला आठवत नाही. आबा, मी आठवून आठवून दमले. धाकटी किती वेळा ओकली ते सांगता येईल, मधल्याला कोणत्या दिवशी ताप आला तेही सांगता येईल. हिचं काहीच आठवत नाही.

मोंबासा आलं तेव्हा सगळं डेक एकदम उठलं. हमालांनी ट्रंक उचलली, मी धाकटीला काखेत मारलं, मधल्याचं मनगट धरलं आणि गर्दीबरोबर शिडीवरून खाली ढकलली गेले. खाली हे उभे होते, वाळलेले, मला क्षणभर ओळखू आले नाहीत. त्यांनी धाकटीला घेतलं, मधल्याच्या गालाला हात लावला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "थोरली कुठाय?"

मी मागं वळले. मागं नुसती अनोळखी माणसं.

पुन्हा वर जायला निघाले तर शिडीवरचा पांढऱ्या कपड्यातला साहेब जाऊ देईना. उतरणाऱ्यांची वाट आहे, चढायची नाही, असं काहीतरी तो म्हणत असेल. मी त्याच्या हाताखालून घुसायला बघत होते, हाका मारत होते, बोटीचा भोंगा वाजत होता आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. माझ्या मनात पाणी सोडून दुसरं काही नव्हतं. कठडा, त्यातून बाहेर आलेला पाय, आणि ते पाणी. जन्मात तेवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

माणसं सगळी उतरली आणि मग ती दिसली. खांद्यावर वाघर टाकून सावकाश एकेक पायरी उतरत होती. जाळी तिच्याहून मोठी, मागं फरफटत होती.

"आबांची वाघर ऱ्हायली हुती," ती म्हणाली. "गाठी सुटत नव्हत्या."

मी तिला गदगदा हलवलं. "मंग हाक मारायची न्हाई? रडायचं तरी, भवाने! रडली असतीस तर मी मागं बघितलं असतं!"

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तूच म्हनलीस ना, शानी हायेस म्हनून."

ह्यांना त्यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, पोरगी मोठी गुणी आहे. मी हो म्हणाले आणि आम्ही घरी गेलो.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा तुमचं वर्षश्राद्धही जवळ आलं होतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं, त्याआधी जवळ बसायचं होतं, आणि विचारायचं होतं की मला उतरवून दिल्यावर त्या सगळ्या वाटेनं तुम्हाला माझी आठवण यायची का. आठवण यायची असेल, नाहीतर वाघर कापून आणली नसतीत. पण हे मी स्वतःच स्वतःला सांगते, तुमच्याकडून ऐकलेलं नाही. आम्ही इकडं परत आलो, हेही गेले, आणि माळ्यावर ती वाघर तशीच पडून आहे. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय.

तर काल खडे वेचून झाल्यावर थोरली उठली, सूप झटकलं आणि म्हणाली, "धाकट्याचं काही नाही गं आई. तो रडतो, तो कुठंही सांभाळला जाईल. मला घोर आहे तो पोरीचा. ती अजिबात रडत नाही." तिची पोरगी तेव्हा उंबऱ्यावर बसून भावाच्या चपलेचा पट्टा लावत होती. चार वर्षांची आहे. मी चूल पेटवायला गेले. पेटवून झाल्यावर थोरली पाठीशी येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "माळ्यावरची ती जाळी देतेस का? विमानात बांधू देणार नाहीत, ठाऊक आहे मला. पण असू दे जवळ." मी हो म्हणाले. धाकट्याला ठेवायचा विषय मी पुन्हा काढलेला नाही.

आता ती तिघं झोपली आहेत आणि मी हे लिहीत बसले आहे. कुणाला वाचून दाखवणार? तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता पत्ता कुठला घालायचा? सकाळी हेच कागद चुलीत जातील. मामीला कधी बोलले नाही, ह्यांना नाही, थोरलीला तर नाहीच, ते तेवढं तुम्हाला सांगते. त्या दिवशी मी शहाणी नव्हते, आबा. मी रडले होते. मेंढरं ओढा उतरून जाईपर्यंत तोंडात परकराचा बोळा धरून उभी होते, आणि तुम्ही दिसेनासे झाल्यावर रडले.