मध्येच म्हटलेलं आमेन

प्रिय सूनबाई,

एकाच घरात राहून सासरा पत्र लिहितोय, म्हणून हसशील. हस. पण तोंडाने सांगायला बसलो तर दुसऱ्याच वाक्याला उपदेश सुरू होईल, माझी खोड तुला ठाऊक आहे. तू हॉस्पिटलच्या वॉर्डातून परत येशील तेव्हा हे तुझ्या कपाखाली असेल.

पाळकसाहेबांना चार गावांच्या चर्चमधल्या मंडळ्या सांभाळाव्या लागतात, आपल्याकडे ते महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवतो, त्याला एकतीस वर्षं झाली. नवी माणसं तयार करा, असं ते दर खेपेला सांगायचे आणि मी मान डोलवायचो. मंडळीतल्या सुताराला बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला दिला आणि चारचौघांत त्याचे उच्चार सुधारत बसलो. त्याने पुन्हा पुस्तक हाती धरलं नाही. शिंपीणबाईंना प्रार्थनेला उभं केलं, पण ती प्रार्थना आधी मीच लिहून दिली होती. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला. माणसंही तशीच उघडून नीट करायची असतात, असं वाटायचं. लोक पाठीमागे मला वेळापत्रक म्हणतात, आणि ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

गेल्या रविवारी तू ड्यूटीवर होतीस, तुला कुणी सांगितलं नसेल. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना माझे शब्दच हरवले. एकतीस वर्षं पाठ असलेले शब्द! डोळे मिटून तसाच उभा राहिलो. वाटलं, कुणीतरी उठेल, दोन वाक्यं पुढे नेईल. चाळीस माणसं चिडीचूप बसली होती, मी आमेन कधी म्हणतो याची वाट बघत. त्यांना मी तेवढंच तर शिकवलं होतं. शेवटी खाली बसलो. फार लाज वाटली गं, आणि भीतीही. डॉक्टर म्हणतात, हे आता पुन्हा पुन्हा होणार.

दोन वर्षांपूर्वी तू त्याच जागी उभी होतीस. हातात कागद नाही, पाठांतर नाही. वॉर्डातल्या एका पेशंटबद्दल देवाशी बोलत होतीस, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. मी मोठ्याने आमेन म्हणालो. सवयीने सगळे आमेन म्हणाले आणि बसले, आणि तू अर्ध्या वाक्यावर उभी राहिलीस. वेळ संपली होती, असं मी घरी आल्यावर म्हणालो. ते खोटं होतं. अजून सात मिनिटं होती. तू बोलत असताना मी डोळे उघडले तेव्हा सुतार रडत होता, तुझी सासूही रडत होती. माझ्या प्रार्थनेत कधी कुणी रडलं नव्हतं. मला तुझा हेवा वाटला. तेव्हापासून तू मागच्या बाकावर बसतेस आणि तुला ड्यूटीमुळे जमत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. मला क्षमा कर. येत्या रविवारी उपासना तू चालव. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. त्या दिवशी तू त्या पेशंटचं नाव घेणार होतीस, आणि मी ते घेऊ दिलं नाही. ते माणूस वाचलं की गेलं, एवढं विचारायचीही मला दोन वर्षांत हिंमत झाली नाही.

तुझाच,
पप्पा