गवराबाईचा दहावा

रविवार, ५ जानेवारी

सासूबाईंना आज राक्षसानं गदा घातली – आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

खऱ्या सासूबाई वर जाऊन वीस वर्षं झाली. पण नातवाच्या खेळात प्रत्येकानं एक लढवय्या घ्यायचा असतो, त्याला नाव द्यायचं. मी हातात विळा घेतलेली बाई घेतली, नाव ठेवलं गवराबाई. सासूबाईंचंच! मला जे फटके देता आले नाहीत ते राक्षस देतात. बिनखर्चाचं समाधान.

नातू प्रीतम गोष्ट सांगतो; त्याचा मित्र ज्ञानेश, मैत्रीण वर्षाली आणि मी लढतो. घाव लागला की नाही ते फासा ठरवतो.

आज गवराबाईची बरगडी मोडली. प्रीतम म्हणाला, "रात्रभर झोपली, सकाळी ठणठणीत." मी म्हटलं, "व्हय रे? मला विळीवर बोट कापलं तर आठवडाभर भाकरी थापताना चुरचुरतं!"

प्रीतमचे डोळे चमकले. "आजी, पॉइंट आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

सोमवार, ६ जानेवारी

प्रीतम ऑफिसचं काम सोडून जखमांचे नियम लिहितोय. जेवायला तीनदा हाक मारली.

रविवार, १२ जानेवारी

नवे नियम! हाड मोडलं तर तीन महिने. रक्त वाहिलं तर चक्कर. दोन तास बसलो, राक्षस दिसलासुद्धा नाही. नुसत्या पट्ट्या बांधल्या. ज्ञानेशच्या वीराच्या टाचेत काटा गेला, तर लंगडत लंगडत जंगल पार करायला चहाचे दोन कप लागले.

"अरे हे युद्ध आहे का सरकारी दवाखाना?" ज्ञानेश म्हणाला. वर्षाली इतकी हसली की फासे सांडले. प्रीतम हसला नाही.

रविवार, १९ जानेवारी

गवराबाई गेली.

राक्षसाच्या हातून नाही – धनुर्वातानं! स्वतःच्याच विळ्याचा गंज लागला. प्रीतमनं फासा टाकायला लावला, एक पडला. संपलं.

मला वाटलं होतं हसू येईल. आलं नाही. एवढ्या दिवसांत त्या बाईवर जीव जडला होता – सासूबाईंवर, म्हणजे बघा!

ज्ञानेश उठलाच. "राव, वीर धनुर्वातानं मरतो का?"

"खऱ्यात मरतो," प्रीतम.

"खरं मला नको सांगू! चाकणच्या कारखान्यात सहा दिवस प्रेस मशीनवर बोटं सांभाळतो मी. हातमोजे, गॉगल, हेल्मेट. मागच्या महिन्यात शेजारच्याचं बोट गेलं. तू एसीत बसून जखमा शोधतोस, भावा. मला एक दिवस तरी बिनधास्त लढायचंय."

"मग लहान मुलांचे खेळ खेळ."

ज्ञानेशनं गाडीची किल्ली उचलली आणि गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुधवार, २२ जानेवारी

दोघांचं बोलणं बंद. वर्षाली म्हणते, "ते दोघं नसतील तर मी येऊन काय करू?"

गाव सोडून पुण्यात या वाकडच्या चौदाव्या मजल्यावर आले तेव्हापासून माझ्याशी बोलणारी माणसं ही एवढीच. लिफ्टमध्ये सगळे मोबाईलशी बोलतात. रविवार गेला तर मी काय फ्रीजशी बोलू?

आणि काडी माझीच.

एक युक्ती सुचलीय. साधनाला सांगितलं नाही. सूनबाई देवभोळी आहे, ओरडेल.

रविवार, २६ जानेवारी

ज्ञानेशला फोन केला. "गवराबाईचा दहावा आहे. मयताशी कसलं भांडण? ये."

"आजी, दहा दिवस कुठं झाले?"

"सोय बघून उरकतात रे हल्ली सगळेच."

गच्चीवर भाताचा पिंड ठेवला, वर दही. साधना कपाळाला हात लावून उभी – "आई, नसलेल्या माणसाचा दहावा!"

कावळा कुठला यायला! कबुतरं आली, ढिगानं. प्रीतम एकीकडून, ज्ञानेश दुसरीकडून – "तिकडनं अडव!" "अरे, टाकीवर बघ टाकीवर!" आठवडाभर न बोललेले, घामाघूम.

मग टाकीवर कावळा बसला. पण शिवेना.

"काहीतरी राहिलंय तिचं," मी म्हटलं. "शब्द द्या."

प्रीतम म्हणाला, "गंजाचा नियम काढून टाकतो." कावळा ढिम्म.

ज्ञानेश म्हणाला, "हाड मोडलं तर मोडलं. मी कुरकुरणार नाही." कावळ्यानं मान वळवली.

प्रीतम हळूच म्हणाला, "जखमा खऱ्याच राहतील. पण मरणारा वाचेल – दुसऱ्या कुणी स्वतःचं काही कायमचं सोडलं तर."

"माझी ढाल सोडली," ज्ञानेश लगेच म्हणाला. "गवराबाईसाठी."

शिवला!

साधनानं नकळत हात जोडले. दहावा झाल्यावर परत आलेली ही पहिलीच सासू!

रविवार, ९ फेब्रुवारी

ज्ञानेशनं, बिनढालीच्या ज्ञानेशनं, आज राक्षस पाडला. काय टाळ्या! प्रीतमनं कागद गोळा करायला घेतले. "संपली गोष्ट. आता सगळे मोकळे."

मी म्हटलं, "थांब. गवराबाईचा उजवा हात दिला मी, कायमचा. राक्षस वाचू दे."

"आजी!" ज्ञानेश ओरडला. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

रविवारच्या, बाळा.