फिरत्या चाकांच्या यंत्राची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, ही माझी शेवटची इच्छा राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गल्लीचं मत वेगळं आहे, पण गल्लीला विचारतंय कोण! याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. मुलाने चारचौघांत मला 'वेडा म्हातारा' म्हटलं, ते मी विसरलेलो नाही. तरी त्याचा हक्क बुडवणार नाही.

२. बँकेतली शिल्लक एकट्या मुलीला. यावरून मुलाने कुरकुर करू नये. माझं आजारपण तिनेच काढलं.

३. कपाटातले बारीक पेचकस, चिमटे आणि भिंग घड्याळजीच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, परत द्यावेत. ते माझे नाहीतच. घड्याळजी आणि मी वीस वर्षं मिळून ते यंत्र बनवत होतो. दोन जड चाकं उलट दिशांना गरगरा फिरवायची आणि तेवढ्या जोरावर गाडी, पुढेमागे विमानसुद्धा, कशालाही न रेटता पुढे न्यायची, असा आमचा बेत. टेबलावर यंत्र खरंच वीतभर सरकलं, तेव्हा आम्ही दोघे घोडे नाचलो होतो. मग एक दिवस तो म्हणाला, "अरे, हे थरथरत टेबलाला घासून सरकतंय. दोरीला टांगून बघू या." मी त्याला नाही नाही ते बोललो, "चालता हो" म्हणालो. हत्यारं तशीच टाकून तो गेला, पुन्हा आला नाही.

आठवड्याने मी एकट्याने यंत्र टांगलं. ते जागच्या जागी नुसतं थरथरत राहिलं. त्याचंच बरोबर होतं. हे सांगायला दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच परतलो. गेल्या वर्षी तो वारला. वहिनी, चूक माझी होती. मला माफ करा.

४. लेथ मुलाने विकावा. यंत्र भंगारात घालावं, पण चाकं कापून. नाहीतर दुसरा एखादा खुळा उचलून नेईल.

५. हे कलम मुलीसाठी. पोरी, घड्याळजीने येणं बंद केल्यावर तू रोज संध्याकाळी माझ्या हाताखाली यायला लागलीस. वह्या भरल्यास, चाकांचा तोल साधलास, बाहेरगावची चांगली नोकरी दोनदा नाकारलीस. परवा दवाखान्यात हात धरून म्हणालीस, "बाबा, काळजी करू नका, मी पुरं करीन." तेव्हाच सांगायचं होतं, पण जीभ उचलली नाही. हे यंत्र चालणार नाही, हे मला नऊ वर्षं माहीत आहे. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठायचं. काम संपलं असतं तर तू गेली असतीस, म्हणून मी ते संपू दिलं नाही. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, भंगारात जाण्याआधी यंत्र टांगून स्वतः बघ. मग माझ्यावर हवं तेवढं रागाव. रागाच्या भरात का होईना, पण इथून निघून जा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि सही केली.

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी

(सही) लेथवाला

आमच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन