भोंग्याची जीप

रत्नागिरी, १४ डिसेंबर २००७

आमच्या सायकल यात्रेत सगळ्यांची तक्रार एकच: धूर. गावोगावी तापत्या हवामानावर बोलताना मी धुरावर तुटून पडतो आणि टाळ्या घेतो. आणि आमच्या पुढे कोण धावतं? आमचीच डिझेलची जीप! टपावर माझ्या भाषणाचा भोंगा.

आज हातखंब्याच्या चढावर जीपमागून सायकल मारणाऱ्या नलूताई तोंडाला ओढणी लावून म्हणाल्या, "भाऊ, लोकांना भाषण पाजता आणि आम्हाला धूर!" सगळे हसले. मी चिडलो. भोंग्याशिवाय सभा होते का? रत्नागिरी येईपर्यंत वाद घातला. खरी धास्ती वेगळीच. भोंगा नसला तर माझं ऐकणार कोण?

संध्याकाळी नलूताईंना दाखवून द्यायचं म्हणून मुद्दाम भोंगा न लावता व्यासपीठावर उभा राहिलो. सभा फसणार, ही खात्री. मागून एक बागायतदार ओरडले, "ओ, हितं काय आयकू येत नाय. खाली या बघू!" उतरलो. लोक सरकून जवळ आले. आणि मग बोलू लागले ते लोकच. थंडी उशिरा पडते, आंब्याचा मोहोर अडतो, आलेला काळा पडतो. मी मध्ये बसून ऐकत राहिलो. मी! नलूताई लांबून बघत होत्या.

शर्टाला अजून डिझेलचा वास आहे. तरी आज फार बरं वाटतंय.

स्वतःलाच बजावून ठेवतो: सकाळी हेदवीला निघण्याआधी जीप घरी पाठव. आणि पाठवताना भाषण करू नकोस.