तीनशे बावन्न स्क्वेअर फूट

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.१०
ठरलं. घराच्या पुढच्या भिंतीला दगड लावायचा. अख्खा दगड नव्हे, बोटभर जाडीच्या चिपा चिकटवतात तो. क्लॅडिंग म्हणतात.
कारण केल्विन. दोन वर्षांपूर्वी कॅनडाहून आला तेव्हा राहिला सासरी, माणिकपूरच्या टॉवरमध्ये. आपल्या वटारच्या घरी आला तो दोनच दुपारी. निघताना अंगणात फोटो काढला आणि म्हणाला, पपा, आपलं घर फोटोत काळोखं दिसतं. पोरगा उगाच बोलत नाही. घराचं तोंड चांगलं नाही म्हणून तो राहिला नाही, एवढं कळायला आठवी पास पुरे.
काल ख्रिसमसला येतोस का विचारलं. बघतो म्हणाला. मांडव-डेकोरेशनच्या चाळीस वर्षांत बघतो म्हणणारं गिऱ्हाईक परत आलेलं मला आठवत नाही. पण हा मुलगा आहे, गिऱ्हाईक नाही. ह्या बघतोचा सूर वेगळा होता. माझ्या कानांना अजून कोणी फसवलेलं नाही.
निश्चय: एस्टिमेट स्वतः काढायचं. वीस डिसेंबरच्या आत काम पुरं. आणि केल्विनला आपणहून फोन करायचा नाही. सरप्राइज.

३० नोव्हेंबर, रविवार
चर्चमधून, मिस्सावरून आल्यावर भिंत मोजली. टेप एकट्याला धरता येत नाही. टोक खिळ्याला अडकवलं, दोनदा सुटलं. मेरी, माझी बायको, होती तोवर ती धरायची. मी आकडा वाचायच्या आत सोडू का, सोडू का चालायचं तिचं. खिळा निदान बोलत नाही.
बत्तीस फूट लांब, अकरा उंच. ३५२. दार-खिडक्यांचे ६८ वजा. उरले २८४. तुटफूट दहा टक्के धरून ३१२. पाच मिनिटांत काम. लोक इंजिनिअरला पैसे देतात!
केल्विनला फोन केला. दगडाबद्दल नव्हे, तिकडे बर्फ किती ते विचारायला. त्यामुळे निश्चय मोडला असं होत नाही. उचलला नाही. तिकडे शनिवारची रात्र.

३ डिसेंबर, बुधवार
माणिकपूरला अल्पेशचं दगडाचं दुकान. अंकल, दुसऱ्याला दोनशे, तुमच्यासाठी एकशे साठ, असं म्हणाला आणि मान वळवून आतल्या माणसाला गुजरातीत सांगितलं की काका एकशे चाळीसला तयार झाले तरी बांधून टाक. गुजराती लग्नांचे मांडव घालूनच मी हे घर बांधलंय. म्हटलं, एकशे चाळीस. तो हसला. चहा मागवला. घरी किती माणसं विचारलं. आहेत म्हटलं.
दगड ४३,६८०. चिकटवायच्या मसाल्याच्या आठ पिशव्या ४,८००. मजुरी पंचवीस हजार. एकूण ७३,४८०. बांबू घरचे, ते फुकट.
तीन नमुने आणले, पिवळा, करडा, काळपट. केल्विनला फोटो पाठवले. (मेसेज म्हणजे फोन नव्हे.) सरप्राइज गेलं, पण रंग राहणाऱ्याला विचारावा.
रात्री जेवताना पाहिलं, निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही. विचार करतोय. रंग निवडणं सोपं नसतं.

८ डिसेंबर, सोमवार
चिंचोटीहून धर्मा गवंडी आला. थापीच्या मुठीने भिंत वाजवत निघाला. दारापासून खिडकीपर्यंत ठण, ठण. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत पोकळ, भोपळा वाजवल्यासारखं. म्हणाला, दादा, प्लास्टर सुटलंय. दगड प्लास्टरला धरेल, पण प्लास्टर भिंतीला धरत नाय, त्याचं काय करायचं? सगळं मिळून एक दिवस तुमच्या डोक्यावर यायचं.
मी म्हटलं, मला नाही ऐकू आलं. तो म्हणाला, परत वाजवू? नको म्हटलं.
प्लास्टर तोडा, नवं करा, पाणी मारा, सुकू द्या. म्हणजे जानेवारी. म्हणजे एक लाख वीस हजार. ह्या लोकांना धंदा वाढवायची सवय असते. मी पण वाढवायचो.
फोटोंना उत्तर नाही. पाच दिवस.

१० डिसेंबर, बुधवार
केल्विनचा व्हॉइस मेसेज! एक मिनिट चार सेकंद. पपा, तिकिटंच नाहीत, आहेत ती परवडत नाहीत, शिवाय रजा नाही. पुढल्या वर्षी बघतो. दगड कुठलाही चालेल.
सात वेळा ऐकला. मागे सून, ब्रिटनी, भांडी लावत होती. तो रजा नाही म्हणाला तिथे भांड्यांचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. नेटवर्क.
मुद्दा काय, तर दगड चालेल म्हणाला. म्हणजे घरात मन आहे. रजा शेवटच्या आठवड्यात मिळते, मी कितीतरी लग्नांत बघितलंय. मुलाचा मामा येणार नाही येणार नाही करत करत वरातीत पुढे नाचतो.
निश्चय: पंधरा दिवस शांत राहायचं.

१७ डिसेंबर, बुधवार
फोन केला. (पंधरा दिवस फार होतात.) मीटिंगमध्ये होता.
चूक माझीच. चार इंचाच्या नमुन्यावरून माणसाला काय कळणार? मीसुद्धा गिऱ्हाइकाला कधी कागदावर मांडव दाखवला नाही. पूर्ण साइजमध्ये दाखवायचा, की माणूस उठून येतो.
शेडमध्ये शोधलं आणि सापडलं. किल्ला-थीमच्या रिसेप्शनचं कापड! चाळीस फूट, दगडी भिंत छापलेली. एका कोपऱ्यात बुरूज आहे, तो मागे दुमडता येईल. तेच भिंतीवर ताणायचं, व्हिडिओ कॉल लावायचा. डॉमनिक, अजून डोकं चालतं तुझं.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी
धर्माला बोलावून बांबू उभे केले. कापड ताणलं. वरून ऊन मारत होतं, मोबाइलमध्ये दगड पांढरा दिसायचा, म्हणून अंगणावर पांढरं छत बांधलं. खालून वारा शिरून भिंत फुगायला लागली, म्हणून कापडाच्या कडेवर खुर्च्यांचे पाय ठेवले. तीस लागल्या. पांढरं कव्हर घातलेल्याच हाताशी होत्या.
धर्मा रिक्षात बसताना म्हणाला, दादा, कार्यक्रम कसला? म्हटलं, एस्टिमेट.
केल्विनने कॉल घेतला नाही. उद्या सकाळी परत लावतो.

२२ डिसेंबर, सोमवार
सविस्तर लिहायला हवं.
सव्वासातला चर्चची मयताची घंटा वाजली. कोण गेलं असेल असा विचार करत दाढी करत होतो. साबण एका गालावर. बाहेर चपलांचा आवाज. वीस-पंचवीस जोड्या, हळू पावलं, कोणी बोलत नाही. अशी पावलं मी ओळखतो, पण आपल्या दारात ऐकली की ओळखीची वाटत नाहीत.
बाहेर आलो तर अंगण भरलेलं. सगळे खुर्च्यांवर. बायकांच्या डोक्यावर पदर. पुतळाबाई, पलीकडच्या वाडीतली, पहिल्या खुर्चीवर बसून डोळे पुसत होती. मला बघितलं आणि किंचाळली, अरे, ह्यो तर जिता हाय! मग सगळेच बोलायला लागले. घंटा वाजली, बाहेर बघितलं तर तुझ्या दारात मांडव, पांढऱ्या खुर्च्या. पोरगा परदेशी, लग्न कोणाचं नाही. मग आम्ही काय समजायचं?
घंटा खालच्या आळीतल्या गॉडफ्रेची होती. नव्वद वर्षांचा होता.
पुतळाबाई मला लहानपणापासून मेल्या म्हणून हाक मारते. आज शब्द तोंडात आला आणि गिळला. म्हणाली, उभा काय ऱ्हायलास, पानी दे. सकाळपासून घसा सुकलाय रडून. मी म्हटलं, घंटा होऊन अर्धा तास झाला, पुतळे. ती म्हणाली, तेवढंच पुरे तुला.
चहा केला. सत्तावीस कप. मेरीच्या कपाटातले सगळे कप बाहेर आले, दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा. सगळे हसत होते. कोणी कापडाला हात लावून बघत होतं. सॅन्टन, शेजारचा, मात्र कोपऱ्यात कप तसाच धरून उभा. विचारलं काय झालं. म्हणाला, दादा, मला माफ कर. मी केल्विनला कळवलं.
तेवढ्यात फोन वाजला. माझाच. मी गेलो असं ऐकून त्याने माझ्याच नंबरवर फोन केला होता. मी हॅलो म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग पपा. एवढा स्वच्छ आवाज कॅनडाहून मी कधी ऐकला नव्हता.
म्हणाला, पपा, मी तिकीट काढलं. वीस मिनिटांपूर्वी. उद्याचं. बॉसला सांगितलं, रजा दिली. मी म्हटलं, अरे वा, ये मग! दगड बघायला ये. तो हसला, रडला, दोन्ही एकदम.
सगळे नंतर गॉडफ्रेकडे गेले. मीही गेलो. खुर्च्या दुसऱ्याकडून मागवल्या होत्या. पातळ प्लास्टिक. जड माणूस बसला की पाय फाकतात.
परत येऊन केल्विनची खोली झाडली. चादर नवीन.

२३ डिसेंबर, मंगळवार
केल्विनचा मेसेज. टाइप केलेला. पपा, तुम्ही बरे आहात, थँक गॉड. तिकीट कॅन्सल केलं. चोवीस तासांच्या आत केलं की पूर्ण पैसे परत मिळतात. पुढल्या वर्षी नक्की बघतो. आणि प्लीज ते कापड काढा.
पूर्ण पैसे परत! हातोहात बुकिंग आणि वेळेत कॅन्सल. एक रुपया गेला नाही. पोरगा व्यवहाराला पक्का. माझ्यावर गेलाय.
म्हणजे तिकीट होतं. रजाही होती. चांगली गोष्ट आहे. मिळतात, हे कळलं.

२५ डिसेंबर, गुरुवार. दुपारी
मिस्साला लोक भेटले. दोघांनी विचारलं, तब्येत कशी? पुतळाबाईने वाटीभर भाजी पाठवली. पूर्वी मेरी तिला करंज्या पाठवायची. वाटी रिकामी परत करायची नसते. साखर घातली.
अल्पेशचा फोन आला, अंकल, माल काढून ठेवलाय, किती स्क्वेअर फूट पाठवू? म्हटलं, बघतो.
मग कापड उतरवायला गेलो. एक टोक सोडलं. चाळीस फूट आहे, दुसरं टोक कोणी धरल्याशिवाय घडी होत नाही. खिळ्याला अडकवून बघितलं.
राहू दे. घडी नीट नाही घातली तर कापड खराब होतं. खुर्च्या पण राहू देत. लावलेल्याच आहेत.