मुद्दाम दिलेल्या चुकीच्या उत्तरांबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक स्मृती तपासणी कक्ष,
छत्रपती संभाजीनगर

विषय : स्मृतिभ्रंशाचा शेरा रद्द करून मुलांचा वर्ग पुन्हा सुरू करू देणेबाबत.
संदर्भ : आपला तपासणी अहवाल क्र. ४१, दि. ९ जून २०२५

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७६. उस्मानपुऱ्यातील समाजमंदिरात रोज सायंकाळी एकोणीस मुलांना शिकवत होतो.

१. नऊ जूनला त्याच जागी आपले शिबिर भरले. तपासणीस ताई परप्रांतातून नुकत्याच आलेल्या. शब्दाखाली बोट ठेवून त्या मराठी प्रश्न अडखळत वाचू लागल्या. मला वाटले, मराठी शिकायला बसल्या आहेत. शिकणाऱ्यासमोर आपण मुद्दाम चुकावे, तो हसून आपल्याला दुरुस्त करतो आणि त्याची भीती मोडते, ही माझी चाळीस वर्षांची पद्धत. म्हणून शंभरातून सात गेले तर ब्याण्णव, गेंड्याच्या चित्राला म्हैस, सोमवारला रविवार असे सांगून मी थांबत गेलो. त्या "ठीक आहे बाबा, पुढे" म्हणत शून्य मांडत गेल्या. मी त्यांचे उच्चार सुधारले, त्याची नोंद "चिडचिड" अशी झाली.

२. दुसऱ्या दिवशी वर्गाला कुलूप लागले. शेजारच्या आशाबाई दारातच म्हणाल्या, "गुरुजीच्या डोक्याचं काय खरं नाय, पोरं कशी सोडावी?" आशाबाईंना वजाबाकी मीच शिकवली होती. दोन वर्षे लागली. एकदाही रागावलो नव्हतो.

३. फेरतपासणीस आलो, तर खिडकीवरून "पालकाला घेऊन या" असे सांगण्यात आले. मुलगा राजेंद्र वाळूजच्या कारखान्यातली पाळी बुडवून आला. "बाबा, आता तरी सरळ सांगा, मला पुन्हा रजा नाय," म्हणाला. मी तीसपैकी तीस उत्तरे बरोबर दिली. त्यावर शेरा मिळाला : "उत्तरे पाठ करून आले. पहिल्या वेळी मुद्दाम चुकलो, असा भ्रम." राजेंद्रने तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि खाली पालक म्हणून सही केली.

तरी विनंती की, तिसऱ्या तपासणीत नेमकी किती उत्तरे चुकली म्हणजे मी शहाणा ठरेन, ते लेखी कळवावे. तेवढी चुकण्याची माझी तयारी आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
पुंजाराम किसन दाभाडे
उस्मानपुरा, दि. १४ जुलै २०२५

सोबत : दोन्ही अहवालांच्या प्रती, वर्गाची हजेरी (दहा जूनपासून निरंक).